ओबदुलियाने लपवलेली खाडी

ओबदुलिया कोरोसो शिंपले कुठून आणते, हे बोका सेका गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला नव्हतं, चार लेकरांना नव्हतं, आणि वर्षातून दोनदा होडीने येणाऱ्या पाद्रीबाबांनाही नव्हतं. त्यांच्यापुढे तर तिने गुडघे टेकून स्वतःहून कबुली दिली होती, "बाबा, मी खोटं बोलते."

"कशाबद्दल, मुली?"

"शिंपले कुठून आणते त्याबद्दल."

"मग खरं कुठून आणतेस?"

"नदीच्या मुखातून," ओबदुलिया म्हणाली, आणि एका पापाची क्षमा मागता मागता दुसरं पदरात बांधून घरी आली.

आता यात ती एकटीच वाईट होती असं नाही. गावातल्या चौतीस शिंपलेवाल्या बायकांचा हा कुळाचारच म्हणायचा. ओहोटी लागली की बायका होड्या घेऊन कांदळवनात शिरतात. डास पळवायला नारळाच्या सोडणाची धुमी पेटवतात, मुळांच्या जाळीत वाकतात, आणि खांद्यापर्यंत हात चिखलात घालून काळे शिंपले चाचपून काढतात. जिला चांगली जागा सापडली तिची ती जागा. आई मुलीला दाखवते, मुलगी तोंड मिटून घेते. "आज कुठं गेली होतीस?" हा प्रश्न बोका सेकात वय विचारण्याइतका आगाऊ. तरी बायका तो रोज विचारतात, समोरची रोज खोटं सांगते, दोघींना ते माहीत असतं, आणि दोघी हसून आपापल्या वाटेने जातात.

पण बाकीच्या नुसत्या खोटं बोलायच्या. ओबदुलिया खोट्याची मशागत करायची. सकाळी सगळ्यांच्या देखत होडी उत्तरेला हाकारायची आणि बेटाला वळसा घालून दक्षिणेला उतरायची. येताना पायांवरचा करडा चिखल खाऱ्या पाण्याने धुवायची आणि त्यावर नदीच्या मुखाजवळचा तांबडा चिखल थापायची. त्या तांबड्या चिखलाचं एक गाडगं होडीच्या पुढच्या टोकाच्या नाळेखाली कायम भरलेलं असे. "बाई गं, इतकी मेहनत शिंपल्यांवर घेतलीस तर दुप्पट मिळतील," असं कुणी म्हणालं असतं. पण कुणाला गाडग्याचा पत्ताच नव्हता, मग म्हणणार कोण?

बाई एकसष्टीची, काठीसारखी उंच. डाव्या हाताची करंगळी वाकडी, कारण तरुणपणी चिखलात विषारी काट्याच्या माशाने तिला चांगलाच प्रसाद दिला होता. नवरा सेगुंदो एकोणीस वर्षांपूर्वी ग्वायाकिल शहरात "काम बघून येतो" म्हणून गेला, तो अजून कामच बघतोय. त्याच्या मागे ओबदुलियाने चार पोरं वाढवली, शिकवली, शहरात धाडली, आणि हे सगळं एका खाडीच्या जिवावर.

ती मुकी खाडी. दोन्ही काठांचे कांदळ एकमेकांत इतके गुंतलेले की बाहेरून आत वाट आहे असं वाटूच नये. ओबदुलिया सात वर्षांची असताना तिच्या आईने, देल्फिनाने, तिला तिथं नेलं. फांद्या बाजूला सारून होडी आत घातली, आणि आतला चिखल दाखवून म्हणाली, "हे आपलं पेव. हात घाल. अंगठ्याएवढे लागले तर परत त्याच मुळाखाली पूर. मोठे तेवढेच घे. आणि तोंड उघडलंस तर जीभ कापीन." ओबदुलियाने तिन्ही गोष्टी जन्मभर पाळल्या.

तिसरी पाळायला मात्र एकदा जास्तीचे कष्ट घ्यावे लागले. बाविशीची होती तेव्हाची गोष्ट. तिच्या टोपल्या रोज भरलेल्या बघून दोन-तीन बायका तिच्या मागावर राहू लागल्या. त्यांतली पुढारी निन्फा प्रेसियादो. निन्फाच्या थोरल्या मुलाची ओबदुलिया धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत, आणि कोमाद्रेपणाच्या नावाखाली एकमेकींच्या घरात चुलीवर काय आहे ते झाकण उघडून बघत. तर एक दिवस ओबदुलिया धावत, धापा टाकत गावात आली आणि सांगितलं, मुक्या खाडीच्या तोंडाशी तुंदा दिसली!

तुंदा म्हणजे या किनाऱ्यावरची जुनी हडळ. माणसाला भुलवून रानात नेते, खेकडे खायला घालून वेडं करते. तिचा एक पाय माणसाचा आणि दुसरा चॉकलेट घुसळायच्या लाकडी रवीसारखा. चार धीट पुरुष बंदुका घेऊन बघायला गेले, आणि खाडीच्या तोंडाशी चिखलात खरोखरच रवीचे ठसे! एक-दोन नव्हे, चांगले वीस-पंचवीस, झुडपात गेलेले आणि परत आलेले. पुरुष गेले त्याच्या दुप्पट वेगाने परतले. ओबदुलियाच्या घरी मात्र आईने पुढचे दोन आठवडे रोज विचारलं, "अगं, माझी रवी कुठं गेली?"

त्या दिवसापासून मुक्या खाडीकडे कुणी फिरकलं नाही. एकोणचाळीस वर्षं.

पण कांदळवनाला तुंदापेक्षा भारी हडळ भेटली: कोळंबीची तळी. एक मालक आला, त्याने खारफुटी तोडून बांध घातले; मग दुसरा, मग तिसरा. बायका चिखलात वाकलेल्या, त्यांना दिसायचं ते समोरचं मूळ. एखादी खाडी आज बंद झाली, पुढच्या वर्षी दुसरी. एकीची जागा गेली तरी ती रडायची कुणापाशी? रडायचं तर आधी जागा कुठं होती ते सांगावं लागणार.

शेवटी बायकांनी संघ काढला आणि सरकारकडे अर्ज केला. कायद्यात सोय आहे: पिढ्यान्‌पिढ्या खारफुटीवर जगणाऱ्यांना तिच्या राखणीचा करार मिळतो, मग तिथं कुणी कोयता लावू शकत नाही. अट एकच. कुठल्या भागात तुम्ही काम करता, ते नकाशावर दाखवा.

नकाशासाठी आली मायेर्ली आयोवी. गावचीच पोर. आई शिंपलेवाली, पण मुलगी शहरात जाऊन नकाशांचं शास्त्र शिकली, आणि आता पाठीवर कॉम्प्युटर घेऊन परतली. शाळेच्या वर्गात बायका जमल्या. मायेर्लीने भिंतीवर पांढरी चादर लावली आणि सांगायला सुरुवात केली.

"हे बघा, हा एक थर. यात नुसतं पाणी. त्याच्यावर हा दुसरा, यात झाडं. हा तिसरा, यात बांध आणि तळी. प्रत्येक थर वेगळा, पण सगळे बरोब्बर एकमेकांवर बसतात. पाहिजे तो चढवायचा, नको तो उतरवायचा."

"नाचातल्या घागऱ्यांसारखं," निन्फा म्हणाली. "एकाखाली एक."

"आणि तुझ्या खाली किती आहेत ते अख्ख्या गावाला ठाऊक," मागून कुणीतरी बोललं. वर्गभर खसखस पिकली.

मग मायेर्लीने सगळ्यात खालचा थर उघडला. पन्नासेक वर्षांपूर्वी विमानातून काढलेला फोटो. काळा-पांढरा, पण खारफुटी त्यात अशी दाट दिसत होती जशी कोंबडीच्या पोटाखालची पिसं. कुठं फट नाही. त्यावर तिने आजचा उपग्रहाचा फोटो चढवला. चौकोन, चौकोन आणि चौकोन. मध्ये मध्ये हिरव्या चिंध्या.

हसणं थांबलं. रोसाउरा मिना नावाची सगळ्यात म्हातारी बाई उठली, चादरीजवळ गेली, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं माझी आई काम करायची." वर्गातल्या कुणाला ही जागा त्या क्षणापर्यंत माहीत नव्हती. रोसाउराने ती आता सांगितली, कारण आता लपवण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

मायेर्लीने सात फोन दिले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले. "पाळीपाळीने न्या. जिथं शिंपले काढाल तिथं हे बटण दाबा, बस. महिनाभर. मोठ्या भरतीची दोन उधाणं, लहान भरतीच्या दोन भांगा. पुढचं मी बघते."

बायकांनी माना डोलावल्या. एवढ्या पटकन डोलावल्या की मायेर्लीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

महिन्याने तिने सगळे ठिपके नकाशावर ओतले आणि डोकं धरून बसली. अकरा ठिपके भर खाडीच्या मध्यात, जिथं ओहोटीलाही होडीची काठी तळाला लागत नाही. सहा ठिपके फुटबॉलच्या मैदानावर. एक सरळ चर्चच्या घंटेखाली. निन्फाने फोन नवऱ्याच्या, विल्मेरच्या, हाती दिला होता, "इकडं-तिकडं जाऊन दाब". विल्मेर जिथं इकडं-तिकडं जातो तिथंच गेला, आणि नकाशावर गावातलं सगळ्यात समृद्ध शिंपल्यांचं आगर दारूच्या दुकानात निघालं. ओबदुलियाचे ठिपके मात्र नीट, शहाण्यासारखे, एकाच जागी: नदीच्या मुखाशी. तिथं गेल्या मोठ्या पुरापासून शिंपल्याची टरफलंसुद्धा सापडत नाहीत.

"मावश्यांनो," मायेर्ली म्हणाली, "मी शहरात पाच वर्षं शिकले. भूकंपाचे नकाशे केले, पुराचे केले. दारूच्या दुकानात शिंपले उगवलेला नकाशा मी पहिल्यांदा बघतेय."

"तुझं यंत्र बिघडलं असेल," ओबदुलिया गंभीरपणे म्हणाली. तेहतीस बायकांनी "हो, हो, बिघडलंच असणार" म्हणून तिला दुजोरा दिला. एवढी एकी संघात त्याआधी कधी दिसली नव्हती.

हसण्यावारी गेलं असतं सगळं. पण त्याच आठवड्यात कागद आला. पलीकडच्या तळ्यांचे मालक सेन्योर बेनाविदेस यांनीही अर्ज केला होता. त्यांना नवी तळी खोदायची होती, आणि जागा होती मुकी खाडी, तिच्या दोन्ही काठांसकट. अर्जात साफ लिहिलं होतं: हा भाग पडीक आहे, गावातलं कुणी इथं येत नाही, उलट भुताखेताच्या समजुतीने लोक ही जागा टाळतात. आणि खरंच, संघाच्या स्वतःच्या नकाशातही तिथं एकही ठिपका नव्हता. सरकारी खात्याचा माणूस नऊ दिवसांनी जागा बघायला येणार होता. तोवर तिथं कुणाचा वापर दिसला नाही तर मुकी खाडी कराराबाहेर.

मायेर्लीने कागद वाचून दाखवला. बायका म्हणाल्या, "जाऊ दे, तुंदाची जागा आहे. बेनाविदेसलाच भेटू दे ती." ओबदुलिया उठली. घरी गेली, केळी तळायला टाकली, ती करपली, कोंबड्यांना घातली.

तीन दिवस ती गप्प होती. गाव म्हणालं, म्हातारीला ताप आला असेल. ताप कसला? ती हिशेब लावत होती. सांगावं तर खाडी बायकांची होणार, चौतीस जणी घुसणार, अंगठ्याएवढे शिंपलेसुद्धा ओरबाडणार. न सांगावं तर बेनाविदेसचं यंत्र येणार आणि मूळच राहणार नाही. एका बाजूला आईची ताकीद, दुसऱ्या बाजूला आईचं पेव. आईने असला प्रसंग कल्पिला नव्हता. आईच्या काळी चोर दोन पायांचे होते.

चौथ्या दिवशी दुपारी ती मायेर्लीच्या दारात उभी राहिली.

"पोरी, तुझ्या त्या नकाशावर मुक्या खाडीत पंधरा-वीस ठिपके टाक. कुणाचे ते विचारू नको."

मायेर्लीने हातातला चमचा खाली ठेवला. "मावशी, तुम्ही तिथं जाता?"

"विचारू नको म्हटलं ना."

"मी नाही विचारलं तरी तो साहेब विचारेल. चिखलात उभा राहून विचारेल. आणि एका बाईची जागा म्हणजे गावाची जागा होत नाही. त्याला निदान दहा-बारा बायका तिथं हात घालताना दिसायला हव्यात, तासाला किती निघतात ते मोजायला हवं, आणि प्रत्येकीला जागा पाठ असायला हवी."

"म्हणजे सगळ्यांना सांगायचं?"

"सगळ्यांना."

ओबदुलिया उंबऱ्यावर बसली. पायाशी आलेली कोंबडी हुसकावली. मग म्हणाली, "तुझी आई बरी होती. ती असले आगाऊ सल्ले द्यायची नाही."

"माझी आई तुमच्या मागावर सहा वर्षं होती, मावशी. मरताना म्हणाली, त्या बाईने मला चकवलं."

हे ऐकून ओबदुलियाचा चेहरा जरा खुलला. कलावंताला दाद कुठूनही चालते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात ती उभी राहिली, आणि सगळं सांगितलं. बेटाचा वळसा. तांबड्या चिखलाचं गाडगं. आईने दाखवलेली वाट. एवढं होईपर्यंत बायका कान टवकारून ऐकत होत्या, एकीकडे रागावत, एकीकडे शिकत.

"आणि तुंदा?" रोसाउराने विचारलं. "तू तिथं एवढी वर्षं जातेस, तुला तुंदाने धरलं नाही?"

ओबदुलियाने खाली बघितलं. "ते ठसे मी काढले होते. आईच्या रवीने."

रोसाउराने कपाळावर हात मारला. मग निन्फा सावकाश उठली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते खाडीबद्दल नव्हतंच.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "मुक्या खाडीत तुंदा नव्हती?"

"नव्हती."

"कधीच नव्हती?"

"मी केली होती म्हणते ना."

"मग माझा विल्मेर सोळा वर्षांपूर्वी तीन दिवस गायब होता, आणि परत येऊन म्हणाला, मला मुक्या खाडीत तुंदाने ठेवून घेतलं... मी त्याला नारळाच्या दुधातला मासा भरवला! महिनाभर! अंगाला तंबाखूचा धूर दिला! मेणबत्त्या लावल्या!"

"तेव्हा पलीकडच्या गावात जत्रा होती," मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी मदत करायच्या सुरात म्हणालं. "आणि तिथं ती लाल घागरेवाली रहायची."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. पण तू तुंदा म्हणालीस, मग आम्हीही तुंदा म्हटलं."

निन्फा दारातून बाहेर पडली. थोड्या वेळाने गावाच्या त्या टोकाकडून भांडं आपटल्याचा आवाज आला, मग विल्मेरचा आवाज, मग काहीच नाही. वीस मिनिटांनी ती परत आली, पदराने मान पुसत बाकावर बसली, आणि म्हणाली, "झालं. आता पुढं बोला. मुक्या खाडीत किती शिंपले आहेत?"

तिथून वर्गाचा नूर बदलला. ओबदुलियासारखीने तोंड उघडलं म्हटल्यावर बाकीच्यांना आपली गुपितं फडतूस वाटू लागली. एकीने आपली जागा सांगितली. दुसरी म्हणाली, "हात् मेली, ती तर माझी!" मग कळलं, दोघी सतरा वर्षं एकाच जागी जात होत्या, एक उधाणाला, दुसरी भांगेला. संध्याकाळपर्यंत मायेर्लीच्या नकाशावर शंभरावर खरे ठिपके पडले.

पण ओबदुलियाच्या दोन अटी होत्या. पहिली अशी, की अंगठ्याएवढे शिंपले परत पुरायचे. जी पुरणार नाही तिचं नाव ती चौकात ओरडून सांगेल. दुसरी अशी, की साहेबाला नेमके ठिपके द्यायचे नाहीत. "आज साहेबाकडे गेले की उद्या ग्वायाकिलच्या बाजारात. मग बाहेरच्या होड्या यायला किती वेळ?"

या अटीवर वाद होईल असं सगळ्यांना वाटलं. मायेर्लीने मात्र मान हलवली. "बरोबर आहे. दोन नकाशे करू. साहेबाला जो द्यायचा त्यात ठिपके नाहीत, नुसता रंग. कुठल्या भागात जास्त, कुठल्या भागात कमी. खरे ठिपके संघाच्या पेटीत. किल्ली तुमच्याकडे."

"पाच वर्षं शिकलीस ते अगदीच वाया नाही गेलं," ओबदुलिया म्हणाली.

उरलेल्या चार दिवसांत बारा बायकांनी मुक्या खाडीची वाट पाठ केली. निन्फाने पहिल्या दिवशी आत हात घातला आणि चिखलातून एकामागून एक मुठीएवढे शिंपले काढत गेली. वीस झाल्यावर थांबून ओबदुलियाकडे वळली. "एकोणचाळीस वर्षं मी अक्रोडाएवढ्यांवर संसार केला," ती म्हणाली. "देव तुला माफ करील. मी बघते काय ते."

ठरल्या दिवशी खात्याचा माणूस आला. डोंगराकडचा, परेदेस नावाचा, नवे कोरे बूट घातलेला. त्याच्याबरोबर बेनाविदेसचा मुकादम. ओहोटी पुरती उतरली होती. परेदेस खाडीच्या तोंडाशी होडीतून उतरला तो मांडीपर्यंत रुतला. दोन बायकांनी त्याला काखेत धरून वर ओढला, एक बूट मात्र खाडीने ठेवून घेतला. बारा बायका मुळांमध्ये वाकलेल्या, धुम्या पेटलेल्या. मायेर्लीने घड्याळ लावून मोजलं: तासाला एका बाईमागे बाकीच्या खाड्यांच्या तिप्पट.

मुकादम हसला. "साहेब, नाटक आहे हे. या बायका गेल्या चार दिवसांपासून इथं येतात. आमच्या बांधावरून दिसतं सगळं. त्याआधी चिटपाखरू नव्हतं. विचारा त्यांना, जुना पुरावा काय?"

परेदेसने एक पाय बुटात, एक पाय चिखलात, अशा अवस्थेत ओबदुलियाकडे बघितलं. "आहे का काही, बाई? कागद, फोटो, काहीही?"

ओबदुलियापाशी काय असणार? चाळीस वर्षं तिने खपून पुरावा पुसला होता. टरफल मागे ठेवलं नव्हतं, फांदी मोडली तर तुकडा पाण्यात सोडला होता. पहिल्यांदाच तिला तिच्या कर्तबगारीचा राग आला. "मी इथं सात वर्षांची असल्यापासून येते," एवढंच म्हणाली, आणि ते तिलाही खोटं वाटलं. इतकी वर्षं खोटं बोललेल्या तोंडातून खरं बाहेर पडलं की त्याची चवच बदलते.

मायेर्लीने तोवर पिशवीतून तिची कॉम्प्युटरची काचेची पाटी काढली होती. साहेबाला झाडांचा आजचा थर दाखवत होती, मागे मागे जात होती: दहा वर्षांपूर्वीचा, वीस वर्षांपूर्वीचा, शेवटी विमानातला जुना. "एक मिनिट," ती म्हणाली. परत पुढं आली. परत मागे गेली. "मी याला फिल्मवरचा ओरखडा समजत होते."

पाटीवर, दाट झाडांच्या मधून, एक केसाएवढी काळी रेघ गेली होती. जुन्या फोटोत होती. वीस आणि दहा वर्षांपूर्वीच्यांत होती. आजच्यातही होती. त्याच जागी, त्याच वळणाची.

"ओरखडा चार वेगळ्या फोटोंत एकाच जागी कसा येईल?" परेदेसने विचारलं. त्याने चिखलाच्या हातानेच पाटी घेतली.

ओबदुलिया वाकून बघू लागली. तिने नाक काचेला लावलं. मग तिचं चिखलाने भरलेलं बोट रेघेवरून सावकाश फिरलं. "इथं वळण. इथं आडवं खोड, इथं होडी तिरकी करावी लागते. इथं आईने दोन फांद्या तोडल्या होत्या, मी दर वर्षी त्यांचे फुटवे काढते." तिने वर बघितलं. "ही आमची वाट आहे."

तिने ती गावापासून लपवली होती, बांधापासून लपवली होती, कोमाद्रेपासून लपवली होती. आभाळापासून लपवायचं मात्र तिला कधी सुचलं नाही, आणि तिच्या आईलाही सुचलं नव्हतं.

"चला, दाखवा," परेदेस म्हणाला. ओबदुलिया पुढं निघाली. साहेब होडीत, पाटी मांडीवर, आणि ती न बघता सांगत होती, "आता डावीकडं. डोकं खाली." मुकादमाने डोकं खाली केलं नाही, त्याची टोपी फांदीला लटकली आणि तिथंच राहिली. रेघ जिथं संपत होती तिथं वाट संपली. परेदेसने वहीत खूप वेळ काहीतरी लिहिलं. मुकादम परतीच्या वाटेवर उघड्या डोक्यावर हातरुमाल धरून बसला.

पाच महिन्यांनी करार आला. सगळी उरलेली खारफुटी, मुकी खाडी धरून, दहा वर्षं संघाच्या राखणीत. पाठीमागे जोडलेला नकाशा होता, नुसत्या रंगाचा, एकही ठिपका नसलेला.

राखणीला नेमायचं कुणाला, यावर फारसा वाद झाला नाही. लोकांच्या नजरा चुकवायचं शास्त्र जिला सगळ्यात जास्त येतं तिलाच नजर ठेवायला बसवावं, असं निन्फा म्हणाली, आणि ती स्तुती होती की टोमणा ते अजून ठरायचं आहे. ओबदुलियाला फोन मिळाला, आणि दर पाच दिवसांनी उपग्रहाचा नवा फोटो मायेर्लीकडून येऊ लागला. सुरुवातीला ती नाक मुरडायची. दोन महिन्यांत तिला त्याची अशी चटक लागली की पाचव्या दिवशी सकाळी सातला मायेर्लीचा फोन वाजायचा.

"काय गं, आभाळात आज काय नवीन?"

"ढग आहेत, मावशी. काही दिसत नाही."

"ढग कोण मोजतंय? बेनाविदेसच्या घराचं छप्पर नवीन आहे का, ते सांग."

"मावशी, ही खारफुटीची टेहळणी आहे."

"छपराला पैसे कुठून आले हा खारफुटीचाच प्रश्न आहे."

आणि एका मंगळवारी तिला दिसलं. हिरव्याच्या कडेला एक पांढुरकं ठिगळ, मागच्या फोटोत नव्हतं. तिने निन्फाला हाक मारली. दोघी होडीने गेल्या, पावलं मोजली. बांध बावीस पावलं पुढं सरकला होता, तीन कांदळ आडवे पडले होते. निन्फाने फोटो काढले, ओबदुलियाने बटण दाबलं. या खेपेला बरोब्बर जिथं उभी होती तिथंच. मग तिने खात्याला कळवायला मायेर्लीला सांगितलं, आणि खात्याची वाट न बघता मुकादमाला स्वतः फोन लावला.

"ओबदुलिया कोरोसो बोलतेय. तुमचा बांध आमच्यात आलाय."

"कोण म्हणतं? तिथं कुणी आलं होतं का बघायला?"

"तुझ्या बांधावर काल कालवणाचं पातेलं घासत बसलेला तुझा स्वयंपाकीसुद्धा मला दिसतो, लेका." हे धादांत खोटं होतं, पातेल्याएवढं त्या फोटोत काही दिसत नाही. पण पलीकडे मुकादमाने स्वयंपाक्याला घाईघाईने आत बोलावलेलं तिला ऐकू आलं. "बावीस पावलं. मोजून मागे घे. आणि तीन झाडं पाडलीस, तर तीस रोपं तयार ठेव, लावायला आम्ही येतो. चिखलात कसं उभं राहायचं ते तुझ्या माणसांना शिकवावं लागेल."

खात्याची नोटीसही गेली. एकविसाव्या दिवशीच्या फोटोत पांढुरकं ठिगळ आक्रसलं होतं. त्या शनिवारी भरती ओसरताच संघाच्या नऊ बायका, मुकादमाचे चार गडी आणि होडीभर कांदळाची रोपं घेऊन ओबदुलिया बांधाच्या कडेला उतरली. गडी ढोपरभर रुतून उभे होते.

"तळवा टेकवू नका," ती ओरडली. "चवड्यावर! आणि रोप सरळ धर रे, मेणबत्तीसारखं. हं. आता पुढचं, दोन पावलं सोडून."